देवळावर इंजिन बंद

देव पाण्यात गेला तेव्हाच माझं त्याच्याशी बोलणं संपलं होतं. पळसदेवला सून म्हणून आले, चार सणही धड झाले नसतील, तर धरणाचं पाणी अंगणात आलं. घर गेलं, मळा गेला, महादेवाचं जुनं देऊळही गेलं. ज्याला स्वतःचा गाभारा राखता आला नाही तो आमचं काय राखणार, असं मी सासूबाईंना तोंडावर म्हणायची. त्या कानांवर हात ठेवायच्या. जमीन मिळाली ती पाण्याच्या पलीकडच्या काठाला. दवाखाना, बाजार, नातीगोती सगळी अलीकडे राहिली. गावाच्या बदल्यात आमच्या पदरात काय पडलं, तर एक लाँच.

तीही कोकणातल्या कुठल्याशा खाडीवर म्हातारी होऊन इकडे आलेली. वर गळका पत्रा, कडेला लाकडी बाकं, मधल्या फळ्यांवर एक जीप नाहीतर काही मोटारसायकली. जीप चढली की माणसांनी कठड्याला चिकटून उभं राहायचं. सोय म्हणाल तर आत आलेलं पाणी उपसायला डालड्याचा डबा होता. तरी त्या लाँचनं वऱ्हाडं नेली, शेरडं नेली, बाळंतिणी नेल्या, तिरड्याही नेल्या. चालवणारे तात्या आमच्याच बुडालेल्या गावचे. त्यांचा एक नेम होता. पाण्याखालच्या देवळावर आलं की ते इंजिन बंद करत. लाँच आपल्या ओघानं पुढे सरकायची, सगळे डोळे मिटून हात जोडायचे, मग हँडल मारून पुन्हा इंजिन सुरू. मी तेवढा वेळ पदर सारखा करत बसायची.

नव्वद सालानंतरची गोष्ट, थंडीचे दिवस होते. लग्नानंतर फार वर्षांनी झालेली माझी एकुलती लेक तापानं फणफणली. मालक कारखान्यावर कामाला. शेजाऱ्यांची जीप घेतली आणि बारामतीला मुलांच्या डॉक्टरकडे निघालो. जीप लाँचवर चढली. पोर सासूबाईंच्या मांडीवर ग्लानीत पडलेली. मी खाली उतरून तात्यांकडे गेले.

"तात्या, आज इंजिन बंद करू नगा. पोरीला लई ताप हाय."

"तुझी घाई कळती गं मला," ते म्हणाले. "पर हितं आपलं गाव हाय खाली. त्याच्या उरावरनं धडधडत मी न्हाय जायचा."

"त्या बुडालेल्या देवापायी माझी पोर जाऊ दे व्हय?"

देवळाची जागा आली आणि तात्यांनी इंजिन बंद केलं. मला त्यांचा भयंकर संताप आला. सगळीकडे शांत झालं, नुसतं पाणी कडेला लागत होतं. त्या शांततेत जीपमधून एक बारीक घरघर ऐकू आली आणि तीही थांबली.

जीपच्या चाकाशी बांगड्यांची पेटी घेऊन एक मुसलमान बाई बसली होती. आमची कधीची ओळख नव्हती. ती ताडकन उठली. "आगं, पोरीचा श्वास थांबलाय," म्हणत तिनं लेकीला सासूबाईंच्या मांडीवरून ओढून घेतलं, हातावर पालथं घातलं आणि पाठीत थापट्या मारल्या. लेकीच्या घशातून काहीतरी फळीवर पडलं आणि ती रडायला लागली.

खाली खोबऱ्याचा तुकडा पडला होता. सासूबाईंनी महादेवाचा प्रसाद म्हणून लाँचवर चढताना तिच्या तोंडात घातलेला. गुण यावा म्हणून. इंजिनाच्या आवाजात पोर गुदमरत होती ते तिला मांडीवर घेतलेल्या सासूबाईंनाही कळलं नव्हतं.

त्या बाईनं सासूबाईंना एका शब्दानं दुखावलं नाही. "आता इंजिन सुरू करा, तात्या," एवढंच म्हणाली.

बारामतीत ताप उतरला. ती बाई मला पुन्हा कधी दिसली नाही. काही वर्षांनी लाँच काठावर ओढून ठेवली, पत्रा भंगारात गेला, फळ्या कुणाच्या तरी गोठ्याला लागल्या. तात्या गेले, सासूबाईही गेल्या. मी मात्र त्या दिवसाचा अर्थ लावत राहिले. घशात अडकला तोही त्याचाच प्रसाद आणि इंजिन थांबलं तेही त्याच्याच नावानं. मग आभार कशाचे मानू आणि भांडू कशासाठी, हे कोडं मला आजतागायत सुटलेलं नाही. शरण जायचं तर राग सोडावा लागतो म्हणतात. मला तो सोडता आला नाही. मी रागासकट गेले.

एका कोरड्या वर्षी पाणी हटलं आणि देऊळ वर आलं. लेकीला घेऊन चिखल तुडवत गेले. गावाचं काय केलंस ते त्याला विचारलं, मग हात जोडले. नारळ फोडला आणि लेकीच्या वाट्याचं खोबरं दगडानं बारीक ठेचून तिच्या हातावर ठेवलं.

ती हसली. "आई, आता मोठी झाले की मी."

"तू झालीस," मी म्हणाले, "पर देणारा तोच हाय."