गाण्यातली मोकळी जागा

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. बाबा ठाण्यातल्या एका छोट्या छापखान्यात कंपोझिटर होते. संपाचं असो की पाणीटंचाईचं, कुणाचंही पत्रक ते सुट्टीच्या दिवशी शिशाचे खिळे जुळवून छापून द्यायचे. उरलेल्या प्रती घरी यायच्या आणि माझ्या वह्यांना कव्हर म्हणून चढायच्या. सत्तरचं दशक संपता संपता आम्ही वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तोवर मी स्वतःच पत्रकं लिहू लागले होते.

"उद्गारचिन्हं जरा आवर," बाबा म्हणायचे. "खणात तेवढे खिळेच नाहीत. कालच्या पत्रकात शेवटच्या दोन घोषणांना मी पूर्णविराम दिलेत."

नव्या शहरासाठी खाडीकाठच्या गावांची भातशेती आणि मिठागरं घेतली जात होती. मी त्याविरुद्ध लिहीत होते. ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या एका गावात पत्रकं वाटायला माझं जाणं व्हायचं. तिथे गाणी रचणारा एक माणूस होता. आधी मिठागरात कामाला होता. मिठागर गेल्यावर नव्या प्लॉटांच्या हद्दीच्या दगडांवर पांढऱ्या रंगाने आकडे काढायचं काम त्याला मिळालं. आकड्यांपलीकडे त्याला लिहिता येत नव्हतं. गाणी सगळी तोंडी. आणि सगळी उदास.

मला ती आवडायची नाहीत. लोकांनी चिडावं म्हणून मी घसा कोरडा करायचे, आणि हा गृहस्थ संध्याकाळी देवळाच्या ओट्यावर बसून त्यांना हळवं करायचा. एकदा मी त्याला तोंडावर म्हटलं, "रडून जमीन परत मिळत नाही, काका." तो म्हणाला, "तुज्या कागदानं मिलाली का गो?" आणि हसला. मी रागाने उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली.

पुढे काविळीने तो गेला. त्यानंतर मला एक गोष्ट दिसू लागली आणि तिने मला सोडलंच नाही. त्याची गाणी वाढली. स्टॉपवर बसची वाट बघणाऱ्या बायका ती गुणगुणायच्या. केमिकल कंपनीत लागलेली गावातली माणसं शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर चहा पिताना त्यातली एखादी ओळ म्हणायची. वाईट वाटून नव्हे. उलट, म्हटल्यावर त्यांचे खांदे सैल पडायचे. माझं पत्रक वाचून कुणाचे खांदे सैल पडलेले मी पाहिले नव्हते. हे काय आहे, मला कळेना.

अशात त्याच्या बायकोने मला बोलावलं. अंगणात काकू आणि दोन शेजारणी जवळ्याची बारीक मासळी निवडत बसल्या होत्या.

"तू ती पत्रकवाली ना?" एक शेजारीण म्हणाली. "कागद जरा जाड आन गो. मागल्या येलेला म्हावरं बांदलं तं फाटला."

दुसरी खो-खो हसली. काकू मात्र हसल्या नाहीत. त्यांना दम्याचा त्रास होता. एक वाक्य बोलून थांबावं लागायचं. "त्याचं वर्षश्राद्ध येतंय," त्या म्हणाल्या. "गानी छापून दे. मी म्हनते तवर ती हायेत. माजा दम आता पुरत नाय."

मी लगेच हो म्हटलं. खरं सांगायचं तर गाण्यांसाठी कमी आणि त्या सैल खांद्यांचं कोडं सोडवायला जास्त.

वही घेऊन मी गावभर फिरले. बाकी गाणी जुळत गेली. अडलं ते सगळ्यात लाडक्या गाण्यापाशी. त्याचा शेवट असा:

खाडीला भरती आली गो, बांध झाला ओला,
लांबोडीची हाक येते, जाऊ कंच्या वाटंला.

लांबोडी हे शेताचं नाव. पण हे मला स्टॉपवरच्या बाईने सांगितलं. गेटवरच्या माणसाने लांबोडीच्या जागी 'चिंचवाली' म्हटलं. तिसरीने 'वाकडी', चौथ्याने 'खालची खार'. काकूंच्या तोंडी आणखीच वेगळं नाव होतं. प्रत्येकजण छातीठोकपणे सांगत होता की गाणं असंच आहे.

मला वाटलं, माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि लोक विसरायला लागले. आंदोलनाच्या कमिटीकडे गावच्या जमिनींची यादी होती. मी ती घेऊन म्हाताऱ्यांपाशी बसले. लांबोडी सापडली, चिंचवाली सापडली, वाकडी, खालची खार, सगळी खरी शेतं निघाली. सापडलं नाही ते फक्त काकूंचं. त्या नावाचं शेत कुठं होतं, असं विचारल्यावर एक म्हातारा चष्मा पुसत बसला. "तिचं तिला इचार," एवढंच म्हणाला.

मी विचारलं नाही. थकलेली बाई आहे, घोळ होत असेल, असं मानून मोकळी झाले.

आणि मग मी ते केलं, जे पत्रकांवर वाढलेल्या मुलीनेच करावं. पाच नावांत भांडण लावण्यापेक्षा मी ओळच दुरुस्त केली:

लढ्याची हाक आली गो, चला एका वाटंला!

मला ती फार आवडली. बाबांनी जुळवताना माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "हे त्यांचं?" मी म्हटलं, "त्यांना असंच म्हणायचं होतं." त्यांनी ओळ जुळवली. शेवटचं उद्गारचिन्हही खणात शोधून लावलं.

छपाईच्या आधी प्रुफं घेऊन मी काकूंकडे गेले. दुपारची वेळ. त्या दोघी शेजारणीही होत्या. एकेक गाणं मी वाचत होते आणि तिघी माना डोलवत ओठ हलवत होत्या. शेवटचं गाणं आलं. माझी ओळ मी जरा आवाज चढवूनच वाचली.

ओठ थांबले.

"ह्यं भाशनातलं कुटून आलं मदीच?" एक शेजारीण म्हणाली.

काकूंनी कागद हातात घेतला. वाचता येत नव्हतं, तरी शेवटच्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हितं?" मी मान हलवली.

"आन मी काय म्हनू मंग?"

मी सांगू लागले की जमीन सगळ्यांचीच आहे, कुठल्या एका शेताचं नाव कशाला. त्यांनी मला बोलू दिलं. मग शेजारणींकडे बघून, दम घेत घेत म्हणाल्या, "तो तितं थांबायचा. मुद्दाम नाय. त्याचा आवाजच बंद व्हायचा."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं, कारण गावाला ते सांगण्यासारखं वाटत नव्हतं. गाणारा अडला की मागे झील धरणाऱ्यांनी ओळ उचलायची, ही तिथली रीतच. तो 'बांध झाला ओला'पर्यंत यायचा आणि अडायचा. मागचे ओळ उचलायचे आणि 'हाक येते'पासून तो पुन्हा जोडीला यायचा. काय भरायचं ते ठाऊक नसल्याने ज्याने त्याने स्वतःचं भरलं. शेतं जात होती, म्हणून शेतं आली.

"तुम्ही म्हणता ते नाव..." मी विचारलं.

"ते शेत नाय, बाय. आमची पोर." काकू माझ्याकडे बघत नव्हत्या. "तीन वर्साची. लहानाला जालत नाय, पुरतात. बांदाच्या कडंला पुरली. बांद गेला. आता तिचं नाव घ्याचं तं कुटं घ्याचं? येवडीच जागा हाय."

जवळ्याच्या पाटीवर माशा बसल्या होत्या. शेजारणीने पदराने त्या उडवल्या.

माझ्या वहीत ते नाव होतं. यादीत नाही म्हणून मी त्यावर काट मारली होती. मी घाईघाईने म्हटलं, "काकू, मग तिचंच नाव छापू. गाणं तिचंच आहे. सगळ्यांना कळू दे." तेव्हाही मी पत्रकच लिहीत होते.

"नको," त्या म्हणाल्या. "मंग हिनं काय म्हनायचं?" त्यांनी शेजारणीकडे बोट केलं. "हिची लांबोडी हाय ना तितं."

शेजारीण मान खाली घालून जवळा निवडत राहिली.

"तितं काय नको छापू. तसंच ठेव."

मी संध्याकाळी छापखान्यात गेले. काय झालं ते बाबांना सांगितलं, माझी काट मारलेली वहीसुद्धा दाखवली. त्यांनी चिमट्याने माझी ओळ उपसली आणि तिथे नाव सोडून मूळची ओळ जुळवली. उद्गारचिन्ह परत खणात टाकलं. मला वाटलं होतं नावाची जागा नुसती रिकामी सुटेल. पण त्यांनी कोरे शिशाचे तुकडे घेऊन ती भरायला सुरुवात केली.

"मोकळं सोडलं तर सगळी ओळ ढासळेल," ते म्हणाले. "हे तुकडे उंचीला कमी असतात. शाई लागत नाही, पण धरून ठेवतात."

किती जागा ठेवू, त्यांनी विचारलं. मी वही उघडली आणि काट मारलेलं नाव मनातल्या मनात म्हणून पाहिलं. मग लांबोडी. मग खालची खार.

"थोडी जास्तच ठेवा," मी म्हटलं.

वर्षश्राद्धाला पुस्तिका वाटल्या. काकूंना दम नव्हता, म्हणून वाचायला मी उभी राहिले. 'बांध झाला ओला'पर्यंत आले आणि थांबले. मागून सगळे एकदम बोलले, ज्याचं त्याचं, एकात एक मिसळून. त्या गलक्यात काकूंचे ओठ हलले एवढं मी पाहिलं.