ढोल कोणाच्या यादीत?

लोकसाहित्याच्या अभ्यासकाने गावात गेल्यावर ऐकावे, बोलू नये, असे मी विद्यार्थ्यांना आयुष्यभर बजावत आलो. त्यांना वाटते, हे माझ्या व्यासंगाचे फळ. आता तुमच्यापासून काय लपवायचे? हे शहाणपण मला एका ढोलाने शिकवले. तेही चारचौघांत, घोट्याएवढ्या पाण्यात उभे करून! चहा निवायच्या आत सांगतो.

एकोणीसशे चाळीसचे दशक सरत आले होते. सांगली संस्थान विलीन होऊन फार तर वर्ष झाले असेल. त्याआधीची गंमत आज तुम्हाला खरी वाटणार नाही. इस्लामपूर मागे टाकून सांगलीकडे निघावे, तर एका ओढ्याच्या अलीकडे सातारा जिल्हा आणि इंग्रजांचा अंमल, पलीकडे संस्थान. म्हैस चरता चरता राज्य बदलायची आणि दिवेलागणीला बिनचूक आपल्या गोठ्यात परतायची!

त्या ओढ्याच्या दोन काठांवर दोन वाड्या. खरी नावे सांगत नाही. मला अजून तिकडे जावे लागते. ऐलवाडी आणि पैलवाडी म्हणू या. दोघींचा भैरोबा मात्र एकच, त्याचे देऊळ पैलवाडीत. चैत्रातल्या यात्रेत पालखीचा मान ऐलवाडीचा, पुढे चालणाऱ्या उंच सासनकाठीचा मान पैलवाडीचा. आणि ढोल? तो दोघींचा. ओढ्यापर्यंत ऐलवाडीकराच्या गळ्यात. ऐन पाण्यात तो उतरायचा आणि पैलवाडीकराच्या गळ्यात पडायचा. राज्ये दोन, पण ताल तुटत नसे. त्या क्षणाचे पाणी आणि गुलाल आजही माझ्या डोळ्यांपुढे आहेत, ओल्या चामड्याचा तो घुमारा कानाशी आहे.

मी मात्र गेलो होतो पारूआक्कांसाठी. देवाची जुनी गाणी त्या परिसरात त्यांनाच येत, आणि पालखी ओढा ओलांडतानाच त्या ती म्हणत. एरवी कितीही विनवा, उत्तर एकच: "देव हलल्याबिगर माजं त्वांड हलत न्हाई." म्हणजे पालखीने ओढा ओलांडला तर गाणी, नाही तर वर्षभर थांबा!

दुपारी दोन्ही गावचे लोक ओढ्याकाठच्या चिंचेखाली बसले होते. पैलवाडीचे हवालदार, लढाईवरून परतलेले, मिशीला पीळ देत म्हणाले, "मास्तर, दिल्लीत म्हनं राज्याचा कायदा लिवत्यात. समदं दिल्लीच बगनार, तर मुंबईच्या सरकारनं काय माशा मारायच्या?"

एवढ्या थेट प्रश्नासमोर गप्प बसणारा अध्यापक तुम्ही पाहिला आहे का? मीही नाही.

"हवालदार, तुमच्या यात्रेसारखेच आहे ते," मी सुरू केले. "कायद्यात कामांच्या तीन याद्या आहेत. दिल्ली म्हणजे ऐलवाडी समजा. पालखी तिची. सैन्य, आगगाडी, टपाल त्यात आले. मुंबई म्हणजे पैलवाडी. सासनकाठी तिची, म्हणजे पोलीस, शेती. आणि काही विषय दोघांचे मिळून, तुमच्या ढोलासारखे."

काय माना डोलल्या म्हणता! मला स्वतःचाच अभिमान वाटला.

ऐलवाडीचे दाजी पाटील पुढे सरकले. "म्हंजी आमी दिल्ली?"

"केवळ उदाहरणादाखल."

"असू द्या की! आन् ढोलावनं तंटा झाला, तर?"

इथे थांबायला हवे होते. पण विषय अर्धा सोडणे मला पाप वाटे. "तर दिल्लीचे चालेल," मी म्हणालो.

"आन् जे कुनाच्याच यादीत न्हाई, ते?"

"ते शेष अधिकार. तेही दिल्लीचेच."

पाटील उठले, पटका सारखा केला. "ऐकलं का रं? सरकारी मानसानं निवाडा दिला! ढोल आता देवळापत्तुर आमचा. कुस्त्यांचं मैदान कुठल्या यादीत हाय का? न्हाई. म्हंजी आमचं. ही चिच? आमची. सावलीतनं उटा, हवालदार!"

"अहो, मी सरकारी नाही! ते उदाहरण होते!"

"हुकूम असा माघारी घ्येता येत न्हाई, मास्तर," पाटील गंभीरपणे म्हणाले.

हवालदार लालबुंद झाले. "चिच तुमची? मग आमची काठी जाग्यावरनं हलनार न्हाई!"

झाले! काठीवाचून पालखी निघत नाही. दिवस कलला तसे दृश्य असे: या काठावर पालखी, त्या काठावर सासनकाठी, मधल्या खडकावर मुका ढोल आणि त्याच्याशेजारी पाण्यात धोतर खोचून मी. या काठाला समजावतो, त्या काठाला हात जोडतो. पारूआक्का काठावर ओठ मिटून बसलेल्या. माझी गाणी बुडत होती.

शेवटी हवालदार ओरडले, "आवं पाटील, एक सांगा. ह्यो मास्तर कुठल्या यादीत?"

"कुठल्याच न्हाई!"

"मग त्योबी तुमचाच की! न्या घरी, घाला जेवाया, आन् ऐका रातभर ह्येचं!"

पाटलांनी माझ्याकडे पाहिले. पाण्यात उतरून ते खडकाशी आले. मग डोक्यावरचा पटका काढून त्यांनी खडकावर ठेवला.

"हवालदार, ढोल घ्या गड्या. दिल्ली सोडली आमी!"

दोन्ही काठ असे हसले की चिंचेवरचे पोपट उडाले. ऐन पाण्यात ढोल या गळ्यातून त्या गळ्यात गेला, काठी डुलली, पालखी हलली आणि पारूआक्कांचे तोंडही. मी कान टवकारले. पहिलीच ओवी अशी:

शाना गं पावना, वाटून दिलं सारं
ओढ्यात हुबा ऱ्हाई, त्येला न्हाई घरदार!

पुढे खूप वर्षांनी माझा एक विद्यार्थी दूर माण तालुक्याच्या बाजूने फिरून धापा टाकत आला. मोठा शोध लागला होता त्याला. हीच ओवी त्याने मला म्हणून दाखवली.

"सर, हा शाना पावना म्हणजे शिवेवरचा प्राचीन क्षेत्रपाल! पाण्यात उभा, घर नसलेला, गावांची वाटणी करणारा. हजार वर्षं जुना असणार!"

मी चष्मा काढून पुसत राहिलो. "हजार थोडी जास्त होतील," एवढेच म्हणालो.

क्षेत्रपाल मात्र तसाच राहू दिला. पाटलांनी भर यात्रेत दिल्ली सोडली होती; मला तेवढे जमले नाही.