नावासाठी घातलेलं गाऱ्हाणं

दोन हजार बावीस साल. मला बहात्तरावं चालू होतं. तोपर्यंत आमच्या वाडीत गाऱ्हाणं घालायचं म्हणजे मीच. माझ्या आधी बाप, बापाच्या आधी आजा. शाळा मी तिसरीत सोडली, पण गाऱ्हाण्याला शाळा लागत नाही, छाती लागते. रापणीचं मोठं जाळं हंगामात पहिल्यांदा दर्यात सोडायचं असो, कोणाची नवी होडी असो, कोणाची सून अडलेली असो, नारळ माझ्या हातात यायचा. मी देवाला हाक मारायची, लेकराचं मागणं सांगायचं, आणि मागे उभ्या असलेल्यांनी एका आवाजात "व्हय महाराजा" म्हणायचं. मागच्यांनी व्हय म्हटल्याशिवाय गाऱ्हाणं पोचत नाही. हे मला ठाऊक होतं, पण कधी बोलून दाखवलं नाही. मान माझा होता.

त्या मे महिन्यात आमच्याच भावकीतला एक पोरगा मुंबईहून आला. पोरगा कसला, तिशी उलटलेली. गाणी करून मोबाईलवर टाकायचा, पण ऐकणारं कोणी नव्हतं. माझ्या पडवीत बसला आणि म्हणाला,

"आजानू, माका तुमचो आवाज होयो."

"कित्याक? तुझो खंय गेलो?"

हसला. मग सांगायला लागला. गाणं नावाच्या भुकेचं होतं. पहिल्या भागात माणूस नाव मागतो, वाट्टेल ते देईन पण नाव दे म्हणतो. दुसऱ्या भागात नाव मिळतं आणि बाकीचं एकेक जातं. "पयल्या भागात तुमी गाऱ्हाण्यासारख्या कायतरी म्हणा. खोटा खोटा. चार ओळी."

माझं डोकं सणकलं. "मेल्या, खोटा गाऱ्हाणा माझ्या तोंडातसून येवचा नाय. घालीन तर खरा घालीन. नारळ होयो, मागे माणसा होयी. नायतर चल, उठ."

दारातून बायको बोलली, "सगळ्या वाडीसाठी मागून झाला. आता एकदा आपल्यासाठी पण मागा. नाव होया तर तुमकाय आसा, माका काय म्हायत नाय?"

मी तिच्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी पोराच्या आईने नारळ आणला. रापणीवरची माणसं मागे उभी केली. आमचा तांडेल, म्हणजे होडीवरचा म्होरक्या, कुरकुरला, "दर्याकडे मासो मागतत, आयुष्य मागतत. नाव खंय मागतत?" पण उभा राहिला. पोराने माइक धरला. मी डोळे मिटले आणि खरंच मागितलं, पोरासाठी आणि माझ्यासाठीही. "बा देवा महाराजा, ह्या दोन लेकरांचा नाव दर्यापलीकडे जांव दे, पोराटोराच्या तोंडात ऱ्हवांदे रे महाराजा." मागून सगळे म्हणाले, "व्हय महाराजा!" अंगावर काटा आला. तसं गाऱ्हाणं माझ्याकडून आधी कधी उतरलं नव्हतं.

ते ऐकलं गेलं. गणपतीपर्यंत गाणं घरोघर पोचलं. कणकवलीच्या स्टँडवर कॉलेजच्या पोरी माझ्याबरोबर फोटो काढायच्या. कंडक्टर उठून जागा द्यायचा. मला आवडलं. का आवडू नये? मी पांढरा सदरा शिवून घेतला आणि काम नसताना कणकवलीला जायला लागलो. कोणी ओळखलं नाही तर चहा न पिता परत यायचो.

पण वाजायचा तो पहिलाच भाग. दुसरा कोणी ऐकलाच नाही. लग्नाच्या वरातीत, क्रिकेटच्या मैदानात, बांगड्याच्या लिलावात थट्टा म्हणून माझीच हाक, तिच्यामागे गाण्यातला ढोल, आणि लोकांचं खिदळणं. पोराला तर कोणी दुसरं काही गाऊ देईना. पुढच्या पावसाळ्यात त्याची आई गेली. बाराव्याला आला तेव्हा परत माझ्या पडवीत बसला. दाढी वाढलेली.

"आजानू, पानावर बसललो एक जण माका म्हणता, ता नावाचा जरा म्हणून दाखव. आयच्या बाराव्याक."

"मग?"

"म्हटलंय," तो म्हणाला. "सगळे हसले."

मी त्याला पाणी दिलं. तो गेला तो परत आला नाही. फोनही लागत नाही.

त्याच वर्षी नारळी पुनवेनंतर रापण पहिल्यांदा दर्यात सोडायची होती. शेजारची विधवा बाई नारळ घेऊन आली. तिचा एकुलता झील जहाजावर नोकरीला, आणि पुष्कळ दिवस त्याचा फोन नव्हता. कंपनीवाले नीट सांगत नव्हते. लग्न होऊन आली तेव्हापासून तिचा प्रत्येक नारळ माझ्याच हातात आला होता.

"भावोजीनू, देवाक नीट सांगा," एवढंच म्हणाली.

मी नारळ धरला. "बा देवा महाराजा, हिच्या झीलाक सुखरूप घराक हाड रे महाराजा."

मागून "व्हय महाराजा" आलंच नाही. गाण्यातला ढोल आला, तोंडाने वाजवलेला. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या पर्यटकांनी सुरुवात केली, मोबाईल वर धरून. मग रापणीवरची तरणी पोरं हसली. तांडेल दुसरीकडे बघायला लागला, पण त्याचेही खांदे हलत होते. मी वळून बघितलं तर ती बाईसुद्धा हसत होती. पदर तोंडावर धरून, डोळ्यांत पाणी, आणि हसू थांबत नव्हतं. कोणीतरी गुदगुल्या करून रडवावं तसं.

मी पुन्हा सुरुवात केली. "बा देवा" म्हटलं आणि परत खिदळले.

तिने माझ्या हातातला नारळ काढून घेतला. ओढला नाही, लहान मुलाच्या हातातून काढतात तसा काढला. "ऱ्हवांदे भावोजीनू," म्हणाली. आणि माझ्या चुलत भावाकडे दिला. त्याला अर्धं गाऱ्हाणं येतं, मधेच अडखळतो. तो अडखळला, पण मागचे सगळे नीट म्हणाले, "व्हय महाराजा." मीही म्हणालो. म्हणायला लागतं.

तिच्या झीलाचं अजून काही कळलेलं नाही. ती मला काही बोलली नाही, पण आमच्या दारावरून जात नाही, वळसा घालून जाते.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घरातला एक नारळ घेऊन किनाऱ्यावर गेलो. दिलेलं नाव परत घे, असं गाऱ्हाणं घातलं, सगळं, एक शब्द न चुकता. मग थांबलो. मागे कोणीच नव्हतं. आपलं आपणच व्हय म्हणायचं नसतं. नारळ तसाच घरी आणला. बायकोने तो फोडला आणि बांगड्याच्या कालवणाला वाटला.