सुमीच्या तिकिटाला वेटिंग होतं

मंडळी, आज सकाळी धाकट्या बहिणीचं, सुमनचं, बंगलोरचं विमान-तिकीट काढायला तिला घेऊन पनवेलच्या एजंटाकडे गेलो. ती आता अमेरिकेची नागरिक. बऱ्याच वर्षांनी माहेरी आलीय, आणि उद्या तिला सासरी पोचायचं होतं.

"उद्याचं फुल्ल आहे काका. वेटिंग देऊ?" एजंट म्हणाला.

सुमी एकदम खुलली. "दादा, मग शनिवारी पोपटी खाऊनच जाते!" वालाच्या शेंगा, त्या भाजायला नवं मडकं, सगळं मी कालच आणून ठेवलंय.

तेव्हाच गप्प बसायला हवं होतं. पण विमानांचे नियम मी स्वतः वाचून शिकलोय, अर्धवट काम मला बघवत नाही. "अहो, रुपयांच्या भाड्यात काय शोधताय? हिचा पासपोर्ट परदेशी आहे. डॉलरच्या भाड्यात बघा, त्या जागा वेगळ्या ठेवलेल्या असतात."

त्याने फोन लावला. जागा मिळाली.

"तुला सगळंच कसं रे माहीत असतं?" एवढंच सुमी म्हणाली.

आता घरी येऊन ती आत बॅग भरतेय. मडकं अंगणात पालथं पडलंय.

मंडळी, माहीत असूनही गप्प कसं राहायचं, हे तुम्ही कुठे शिकलात?