ताच्याहून आलेलं मढं

श्यूलुआन आक्का कुणावर आवाज चढवून बोललेली मी तरी ऐकली नाही. शेनकांगच्या आमच्या कारखान्यात ती चोवीस वर्षं आहे आणि तिचं काम एकच, मेलेले प्रोग्राम वाचायचे.

आम्ही लेथ आणि मिलिंगच्या यंत्रांची डोकी बनवतो, कंट्रोलर म्हणतात त्याला. हे डोकं कधीमधी चालता चालता मटकन बसतं. पडदा गोठतो, यंत्र थांबतं. पण मरायच्या घटकेला मेमरीत जे काय होतं नव्हतं, ते सगळं एका फाइलीत ओतून मगच मरतं. त्या फाइलीला डंप म्हणतात. आमच्यात सगळे मढंच म्हणतात. गिऱ्हाइकाकडनं मढं आलं, की ते आक्काच्या टेबलावर न्यायचं, असा शिरस्ता.

आक्काचं माहेर इथलंच. बापाची फौंड्री होती. गिऱ्हाइकानं मोडका भाग परत आणून आदळला, की तिचा बाप तो उजेडात धरून मोडल्या जागेचा दाणा बघत बसायचा. पोरींनी त्या जागी नुसतं बोट लावलं तरी चापट खायच्या. मोडलेलं आधी जसंच्या तसं बघायचं, पुसायचं नाही, घासायचं नाही. फौंड्री पुढं बुडाली, बाप गेला, आक्कानं संध्याकाळच्या शाळेत जाऊन संगणकाचं शिकून घेतलं. नवरा अळकुड्या पिकवतो, चिखलात गुडघाभर उभा असतो. आक्का म्हणते की आमच्या घरात चिखलात हात घालणारी दोघं हाईत, एकाचा चिखल धुतला की जातो एवढाच फरक.

मागच्या थंडीत ताच्या गावच्या एका गिऱ्हाइकाकडं आमचं यंत्र तीन आठवड्यांत तीनदा मेलं. सायकलच्या पायडलांचे दांडे कातणारा कारखाना. तिथला मालक तापट. गुरुवारी सकाळी मी येतो, म्हणाला, कुणाची चूक आणि काय चूक ते कागदावर पाहिजे, नाहीतर चाळीसच्या चाळीस यंत्रं ट्रकात भरून तुमच्या दारात उतरवतो.

तिसरं मढं मीच पेनड्राइव्हवर घालून आणलं. मी गिऱ्हाइकांकडं हिंडून यंत्रं दुरुस्त करणारा गडी. कारखान्यात मला आखुन म्हणतात. पण आक्का नेमकी भाचीच्या लग्नाला पूलीला गेलेली. मग आमच्या प्रोग्रामवाल्यांचा मुकादम फान यानं ते मढं स्वतःच उघडलं. फान वाईट माणूस नाही, पण त्याला सदा घाई. अर्ध्या तासात त्यानं निकाल दिला की प्रोग्राम मेलाय तो हत्यार बदलायच्या भागात. आणि तो भाग लिहिलाय ल्याओ थिएनचिननं.

थिएनचिन दादा सत्तावन्न वर्षांचा. मागच्या वसंतात त्याची एक खरीच चूक निघाली होती, दुसऱ्या एका गिऱ्हाइकाच्या यंत्राचा फिरता कणा, स्पिंडल, मोडला होता, आणि आमच्या कारखान्याचे मालक को यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं की अजून एक चूक झाली तर घरी. त्यामुळं फाननं नाव घेतल्यावर कुणी काही विचारलंच नाही. मालकांनी गिऱ्हाइकाला द्यायचा कागद लिहायला घेतला, त्यात थिएनचिन दादाचं नाव आणि 'कामावरून कमी केले आहे' असं वाक्य. शुक्रवारी वर्षअखेरीचं जेवण होतं. त्या जेवणात कोंबडीचं डोकं ज्याच्याकडं वळवून ठेवतील त्याची नोकरी गेली, असा आमच्याकडं जुना रिवाज. आता तसं कुणी करत नाही, पण पॅकिंगमधला एकजण दादाच्या तोंडावर म्हणालाच, "यंदा कोंबडीला मान वळवायचा तरास न्हाई, दादा." दादा ड्रॉवर आवरायला लागला.

बुधवारी आक्का परत आली. हातातली पिशवी ठेवायच्या आधी तिनं थिएनचिन दादाचं मोकळं झालेलं टेबल बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, हे काय. मी सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, मढं कुठं आहे.

दुपारी साडेबाराला आमच्याकडं दिवे मालवतात. सगळे डबा खाऊन टेबलावर उशी टाकून तासभर डोकं टेकतात. आक्काला हाच वेळ आवडतो, कारण कुणी काही विचारायला येत नाही. त्या अंधारात तिनं मढं चिरून बघायचा प्रोग्राम, डीबगर, उघडला. मी शेजारी स्टूल ओढून बसलो.

ती आधी बघते ते प्रोग्राम कशानं मेला. डीबगरनं लिहिलं होतं की प्रोग्राम एका पत्त्यावरचं वाचायला गेला आणि त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. म्हणजे माणूस चिठ्ठीवरचं घर शोधत गेला आणि तिथं मोकळं रान. मग ती बघते की त्याला तिथं धाडलं कुणी. डीबगर खालून वर सगळी साखळी दाखवतो, ह्यानं त्याला बोलावलं, त्यानं ह्याला बोलावलं. सगळ्यात वर, मरणाऱ्याच्या जागी, थिएनचिन दादाच्या भागाचं नाव होतं. फान खोटं बोलत नव्हता.

माझं मन खट्टू झालं. आक्का मात्र त्या नावाकडं बघतच नव्हती. ती तो पत्ता बघत होती, आकड्यांच्या चार जोड्या.

"ह्यो पत्ता न्हाई," ती हळूच म्हणाली. "कुनाच्या तरी नावाची अक्षरं हाईत. आन थिएनचिनच्या कामात नावं कुटनं आली? त्यो हत्यारं मोजतो, एक ते चोवीस."

मग तिनं डीबगरला विचारलं की मेला तेव्हा प्रोग्रामचे कोणकोणते तुकडे मेमरीत होते, आणि त्यांची नावं तुला कुठनं मिळाली. यादी आली. आमच्या तुकड्यापुढं डीबगरनं बारीक खूण केली होती, की नावांची फाइल जुळत नाही.

इथं जरा सांगायला पाहिजे. मढ्यात नावं नसतात, नुसते घरांचे नंबर असतात. कुठल्या नंबरात कोण राहतं हे एका वेगळ्या फाइलीत असतं, आणि ती फाइल प्रोग्राम बनवताना त्याच्याबरोबरच जन्मते. प्रोग्राम परत बनवला की घरं सरकतात. मग जुनी फाइल लावली तर नंबर तोच, पण दार दुसऱ्याचंच. डीबगर अशी न जुळणारी फाइल आपणहून लावत नाही. फाननं त्याला दटावून लावायला लावली होती.

आमची कुजबुज ऐकून फान उशीवरनं उठला. गालावर उशीचा वळ. आक्कानं खूण दाखवल्यावर तो म्हणाला, "आक्का, व्हर्जन एकच हाय की. तितंबी चार-दोन-सात, हितंबी चार-दोन-सात. म्हनून लावली मी."

"व्हर्जन मानसानं लिवल्यालं असतं," आक्का म्हणाली. "जलमाची येळ यंत्र लिवतं. ही बघ."

प्रोग्रामच्या पोटात जन्माची वेळ होती. सप्टेंबरची चौदा तारीख, गुरुवार, दुपारी तीन वाजून वीस मिनिटं. आमच्याकडं प्रोग्राम बनतात सोमवारी सकाळी. गुरुवारी दुपारी कुणी बनवत नाही.

"मग ह्येला जल्माला घातला कुनी?" आक्कानं विचारलं.

त्या दिवशी मी ताच्याला होतो.

आता हे आम्हा हिंडणाऱ्या सगळ्यांचंच आहे. गिऱ्हाइकाकडं गेलं, की त्याला तिथल्या तिथं काहीतरी बदलून पाहिजे असतं. प्रोग्रामचा नंबर, म्हणजे व्हर्जन, बदलला तर करारानं यंत्राची सगळी चाचणी परत घ्यावी लागते, दोन दिवस मोडतात, सह्या पुन्हा. म्हणून आम्ही लॅपटॉपवर चार ओळी लिहितो, प्रोग्राम तिथंच बनवतो, आत टाकतो आणि नंबर तोच ठेवतो. ताच्याच्या फोरमनला पडद्यावर चालू दांड्याचं नाव मोठ्या अक्षरांत पाहिजे होतं. मी यंत्राशेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसून आठ ओळी लिहिल्या होत्या.

मी आक्काला तसं सांगितलं. आक्का रागावली नाही, तिनं एवढंच विचारलं, "त्यो लॅपटॉप कुटाय?"

तो लॅपटॉप फार जुना झाला म्हणून मला नवा मिळाला होता. जुना पॅकिंगला गेला, खोक्यांवरची लेबलं छापायला. मी म्हणालो, जाऊ दे आक्का, त्या आठ ओळी मला पाठ आहेत, आत्ता परत बनवतो, नावांची फाइल मिळेल.

"परत बनीवलास तर भाऊ जल्मंल," आक्का म्हणाली. "मेल्याला त्यो न्हवं. ऊठ."

आम्ही तिघं पॅकिंगला गेलो. तिथं सगळे पुठ्ठे अंथरून झोपलेले. मी लॅपटॉप उघडला आणि माझी जागा बघितली. तिथं सगळी लेबलंच लेबलं, संत्र्यांच्या खोक्यासारखी रचलेली. माझं एकही काम दिसेना. ती फाइल गेली असेल तर उद्या सकाळी मालकांपुढं ठेवायला आक्काकडं नुसती शंका होती, आणि शंकेवर थिएनचिन दादाची नोकरी टिकणार नव्हती.

लेबलं छापणारी शिऊमान जागी झाली. फाननं तिला जरा चढ्या आवाजात विचारलं, जुन्या फाइली पुसल्यास काय. ती पुठ्ठ्यावरनंच म्हणाली, "दुसऱ्याचं पुसायला मी काय येडी हाय व्हय? समदं एका जागी लोटलंय. नाव वाचा की."

कोपऱ्यात एक फोल्डर होता. त्याचं नाव 'आखुनचा कचरा'.

कचऱ्यात सप्टेंबर होता, सप्टेंबरात ताच्या होतं. नावांची फाइल होती. जन्मवेळ गुरुवार, तीन वाजून वीस मिनिटं. स्वतःचीच चूक हातात घेऊन एवढं बरं वाटू शकतं, हे मला तेव्हाच कळलं.

आक्कानं ती फाइल लावली. डीबगरची खूण गेली. साखळी परत मांडली तर सगळ्यात वर थिएनचिन दादाचं नाव नव्हतंच. तिथं माझा भाग होता, दांड्याचं नाव पडद्यावर दाखवणारा. आणि त्या चार जोड्या आक्कानं अक्षरांत फिरवल्या, तर आमच्या लिपीतली दोन अक्षरं निघाली, एका अक्षराचा एक शब्द. 'डावी बाजू'.

पुढचं मलाच कळलं. मी नावाला आठ अक्षरांची जागा ठेवली होती. आमच्या एका अक्षराला दोन घरं लागतात, म्हणून सोळा घरं. डिसेंबरात ताच्याच्या गड्यांनी नव्या दांड्याचं नाव घातलं ते दहा अक्षरांचं, शेवटची दोन 'डावी बाजू'. ती दोन बांध फोडून शेजारच्या घरात शिरली, आणि त्या शेजारच्या घरात मी एक पत्ता ठेवला होता. प्रोग्राम तोच पत्ता समजून चालत सुटला. आक्कानं ताच्याला फोन लावून विचारलं, यंत्र मेलं त्या तीन दिवशी काय कातत होता? तिन्ही दिवस डावा दांडा. उजव्याच्या नावाला आठच अक्षरं होती, तो सुखानं चालला.

दिवे लागले. आक्कानं दोन पानं छापली आणि मला घेऊन को मालकांच्या खोलीत गेली. फान आपणहून मागं आला आणि दारातच म्हणाला की फाइल दटावून लावली ती मी, दादाचं नाव माझ्यामुळं आलं. मालकांनी पानं दोनदा वाचली. मग माझ्याकडं बघून विचारलं, नंबर का बदलला नाहीस.

खरं ओठांवर येत होतं, पण मालकांना कसं सांगायचं. शेवटी तेच म्हणाले, "त्या दिशी तुजा फोन आल्ता. नंबर बदलू नगंस, चाचणी कोन करत बसंल, असं म्याच म्हटल्यालो." गिऱ्हाइकाचा कागद त्यांनी पुढ्यात ओढला, थिएनचिन दादाच्या नावावर आडवी रेघ मारली, 'कमी केले' वर पण मारली, आणि विचारलं, नीट करायला किती वेळ. दोन ओळी, मी म्हणालो. "आन नंबर बदल," ते म्हणाले. "चाचणीला उद्या मी सोता उबा ऱ्हातो."

माझं काय, हे ते बोलले नाहीत आणि मीही विचारलं नाही. गुरुवारी ताच्याचा मालक आला तेव्हा आक्कानं त्याला मेलेल्या मेमरीत त्याच्याच दांड्याचं नाव दाखवलं. तो खुर्ची पुढं ओढून बघत राहिला आणि यंत्रं परत करायचं विसरला. मग ताच्याला जाऊन चाचणी सुरू केली, तीत त्यानं स्वतः वीस अक्षरांचं नाव घालून बघितलं, आणि पाळी संपेपर्यंत डावे दांडे कातले. यंत्र चाललं.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. बुधवारी मालकांच्या खोलीतनं बाहेर आल्यावर मला वाटलं, आक्का आता थिएनचिन दादाकडं जाईल. ती आपल्या टेबलाकडं वळली.

"तूच जा," म्हणाली. "तुज्या तोंडानं सांग."

दादा मागच्या नाल्याच्या कठड्याला टेकून सिगारेट ओढत होता. मी जाऊन सांगितलं की चूक तुमची नाही, माझी आहे, ताच्याला मी लिहिलेल्या आठ ओळींची. नावाला जागा कमी पडली. मालकांनी तुमच्या नावावर रेघ मारली.

त्यानं सिगारेटची राख झटकली. मग म्हणाला, "किती ठिवली हुतीस जागा?"

"आठ अक्षरं."

"आठ?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी यंत्राला उलटा पट्टा चढवलाय. "मुडद्या, मानसाच्या घरावरची पाटीबी आठ अक्षरांत बसत न्हाई."

एवढं बोलून त्यानं सिगारेट विझवली, कठड्याला टेकला होता तिथंच खाली बसला आणि खिशातनं फोन काढून बायकोला लावला. मी जायला वळलो, पण ऐकू येत होतंच. "तुज्या भावाला सांग," तो म्हणत होता, "मासळी बाजारातली वॉचमनची जागा दुसऱ्या कुनाला देऊन टाका म्हनावं. न्हाई, झालं काय न्हाई. म्हंजी झालं, पर माजं न्हवतं. व्हय. व्हय, हितंच हाय मी. उद्याबी हितंच हाय."