सर्रा माणसाला होत नाही

"तुमच्या रक्तात ट्रिपॅनोसोमा सापडलाय," डॉक्टर म्हणाले. मी म्हटलं, "साहेब, तीन आठवड्यांपासून मी हेच तर सांगून राहिलो."

मी रांझीत राहतो. मझौलीकडे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात अठ्ठावीस वर्षं सहायक होतो. ट्रिपॅनोसोमा म्हणजे रक्तात वळवळणारा सूक्ष्म परजीवी. माशा चावून तो म्हशी-घोड्यांत पसरतो. त्या रोगाला सर्रा म्हणतात. ताप चढतो, उतरतो आणि जनावर वाळत जातं. गावोगाव मीच सांगत फिरलो, "भैया, डरो मत, सर्रा माणसाला होत नाही." म्हणून हातमोजेही घालत नव्हतो. एका आजारी म्हशीचं रक्त काढताना सुई बोटात घुसली. बोट पँटला पुसलं आणि पुढच्या म्हशीकडे गेलो. हा मूर्खपणा माझाच.

काही दिवसांनी ताप आला, दवाखान्यात भरती झालो. मलेरिया, टायफॉइड, डेंग्यू, सगळ्या तपासण्या निगेटिव्ह, तरी सलाईन चालूच. असा ताप मी जन्मभर म्हशींत पाहिलाय. पण ढोरांच्या दवाखान्यातल्या माणसाचं ऐकतं कोण? लॅबवाल्याला स्लाइडवर काहीतरी हलताना दिसलं होतं म्हणे. त्यानं कचरा समजून ती धुऊन टाकली. शेवटी माझ्या मुलीनं, मृण्मयीनं, माझं रक्त आपल्या कॉलेजात नेलं. ती व्हेटर्नरीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्या सरांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं आणि इकडे फोन केला. तेव्हा कुठे साहेब धावत आले.

मग रक्त बाहेरगावी गेलं. अहवाल आल्यावर डॉक्टरांनी नीट समजावलं. निरोगी माणसाच्या रक्तात एपीओएल-वन नावाचं प्रथिन असतं. परजीवी ते खाऊन बसतो, आत जाऊन ते त्याला भोकं पाडतं आणि तो फुगून मरतो. माझ्या शरीरात ते बनतच नाही, कारण त्याचं जनुक आईकडूनही बिघडलेलं आलं आणि वडिलांकडूनही. इतकी वर्षं मी तसाच गोठ्यागोठ्यांतून हिंडत होतो.

सुरामिन नावाचं औषध इथं मिळेना, परदेशातून मागवावं लागलं. ते येईपर्यंत मी खाटेवर वाळत पडलो. पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं. परजीवी मेंदूत पोचला नव्हता. दर आठवड्याला इंजेक्शन घेतलं आणि ताप गेला.

मला एकच विचारायचं होतं. "कामावर परत जाऊ ना?"

"जनावरांत नाही," डॉक्टर म्हणाले. "औषधानं परजीवी मेले. प्रथिन थोडंच येणार? पुन्हा लागण झाली तर?"

आता मी शहरातल्या ऑफिसात लसींच्या रजिस्टरवर बसतो. लोक म्हणतात, चलो, जान तो बची. ज्यांना म्हशीच्या अंगाला हात लावल्याशिवाय करमत नाही, त्यांनी असं बोलून दाखवावं. तुम्ही जनावरांत काम करत असाल तर हातमोजे घाला आणि ताप आलाच तर डॉक्टरांचं डोकं खा. ते चिडले तरी चालेल.

मृण्मयीचीही तपासणी केली. आईकडून तिला एक चांगलं जनुक मिळालंय, तेवढं पुरतं. गेल्या सोमवारी तिचं मझौलीला प्रशिक्षण सुरू झालं. "बाबा, काहून तोंड पाडून बसलात?" तिनं विचारलं. मी तिची बॅग उचलली, बसपर्यंत सोडायला गेलो. पोरगी सुखरूप आहे, देवाचे उपकार. पण बस सुटली तेव्हा मला तिचा हेवा वाटला, आणि पोटच्या पोरीचा हेवा करायची वेळ आली याचा संताप अजून गेलेला नाही.