पेला हलला की वूफर पास

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ मी रोज सकाळी झटकते. किस्से झटकले जात नाहीत, म्हणून सांगून टाकते. ऐकणारे हसतात. मी कपाळाला हात लावते.

दुकान गाड्यांच्या म्युझिक सिस्टिमचं. मालक पप्पा. मी शिकलेली इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर, पण गिऱ्हाइकांच्या लेखी 'वायरी लावणारी पोरगी'. कोणत्या गाडीला कोणता सबवूफर, यात शेवटचा शब्द पप्पांचा. आणि पप्पांची परीक्षा एकच. स्टीलचा पेला पाण्यानं काठोकाठ भरायचा, गाडीच्या टपावर ठेवायचा, गाणं लावायचं. पाणी थरथरलं की वूफर पास!

"पप्पा, पत्रा ढिला असला तरी पाणी हलतं," मी म्हणते.

"कान फसवतो पोरी, पेला नाय फसवत," पप्पा म्हणतात.

आता त्यांचा कान खरंच फसवायला लागलाय. जन्मभर बंद गाडीत बसून धाडधाड बेस ऐकल्यावर दुसरं काय होणार? आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोनची रिंग. दुकानात सगळ्यांना कळतं, बोलत कुणीच नाही. मी तपासणीचं नाव काढलं की पप्पा पेला घासायला घेतात.

*

वाळूजच्या कंपनीतला एक सुपरवायझर आला. गाडी छोटी, डिकी तिच्याहून छोटी, आणि पाहिजे काय, तर पंधरा इंची वूफर! मी म्हटलं, "अरे, सीटखाली बसणारा आठ इंची घे. गाणं गाण्यासारखं ऐकू येईल."

"ताई, मुलगी बघायला चाललोय. गाडीच्या आधी आवाज पोचला पाहिजे."

पप्पा एकदम खूश! डिकीत वूफर मावेना, तर त्यांनीच स्टेपनी काढून घरी ठेवायला सांगितली. पेला हलला, वूफर पास, गडी रवाना. आणि मुलीच्या गावाजवळ टायर पंक्चर!

काही दिवसांनी तो पेढे घेऊन आला. मी विचारलं, "पोचलास कसा रे?"

"मी कुठं पोचलो? सासरेच घ्यायला आले ना! म्हणाले, कवाचा नुसता आवाज येतोय, गाडी काय येईना, म्हणून बघायला निघालो!"

*

वूफरचा बॉक्स भोकवाला घ्यायचा की बंद, हा खरा विचार करायचा प्रश्न. भोकवाला दणका देतो, बंद बॉक्स नेमका आवाज देतो. एका रिटायर्ड साहेबांना मी हे कागदावर चित्र काढून समजावलं आणि बंद बॉक्स घ्या म्हटलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "ते ठीक आहे बेटा. पण भोकाचं तोंड दक्षिणेला तर येणार नाही ना?"

"काका, गाडी वळते!"

"तेच तर टेन्शन आहे."

बंद बॉक्स घेऊन गेले. माझा सल्ला पहिल्यांदा कुणीतरी मानला, तोही असा!

*

बॉक्सवर पाच हजार वॅटचं स्टिकर असतं. खरी ताकद त्याच्या पासंगालाही पुरत नाही. मी एका गिऱ्हाइकाला खरं ते सांगितलं, की या वूफरला स्टिकर सोडून काही दम नाही, त्यापेक्षा हा साधा घ्या. तो पप्पांकडं वळला आणि काकुळतीनं म्हणाला, "शेठ, तुमी सांगा ना. ताई लई खरं बोलते."

पप्पांनी स्टिकरवरची धूळ पुसली. माल गेला!

*

एकदा आईनं रडून, रुसून पप्पांना कानाच्या डॉक्टरकडं पाठवलं. सोबत मी. आत एक बंद खोली, एक मशीन, एक हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. पप्पांनी हेडफोन हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, बोटानं टिचकी मारली.

"डॉक्टरसाहेब, हा केवढ्याला घेतला?"

"का हो?"

"फसवलं तुमाला. ह्यात बेसच नाय. ह्यात माणसाला काय ऐकू येणार?"

आणि उठले! मी दारात आडवी उभी राहिले, हात जोडले, ओरडले. काही उपयोग नाही. तपासणी राहिली ती राहिलीच. पुढच्या आठवड्यात ते डॉक्टर दुकानात हजर, वूफर बसवायला. पप्पांनी त्यांच्याही टपावर पेला ठेवला. डॉक्टर पेल्याकडं बघत होते, मी डॉक्टरांकडं.

*

शेवटी आईनं पिशोरहून मामांना बोलावलं. मामांपुढं पप्पांचं काही चालत नाही. बेत असा ठरला, मामांनी नव्या जीपला वूफर बसवायच्या निमित्तानं यायचं, आणि पप्पांना ऐकू येत नाही हे त्यांच्या तोंडावर सिद्ध करून थेट दवाखान्यात न्यायचं. मामा मला फोनवर म्हणाले, "तू फक्त पुरावा दाखव, पुढचं मी बघतो." पुरावा दाखवायला मी कधीचीच तयार होते!

मामा आले. गार हवेसाठी एसी चालू आणि डिझेल इंजिन धडधडतं ठेवून जीप दुकानापुढं उभी केली. मी मागं डिकीत वाकून, ह्या वेळी पप्पांशी भांडून निवडलेल्या छोट्या बॉक्सची जोडणी करत होते. समोरचा डेक लागला होता, त्याचे दिवे नाचत होते. पण स्पीकर, वूफर, काहीच जोडलेलं नव्हतं. वायरी माझ्या हातात होत्या.

पप्पांनी पेला भरला, टपावर ठेवला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. दार उघडं ठेवून मान बाहेर काढली, पेल्याकडं बघितलं. पाणी थरथरत होतं.

मग पप्पांनी डोळे मिटले आणि मांडीवर ताल धरला.

"वा! पाव्हणं, ऐका!" ते मामांना म्हणाले. "असा बेस अख्ख्या संभाजीनगरात नाय! आणि बॉक्स कुणी निवडला म्हाईतंय? ह्या पोरीनं. मी म्हणत होतो मोठा घे. नाय ऐकलं माझं. आज कळलं, बराबर होती ती. आता हितून पुढं निवडायचं काम तिचंच."

मामा माझ्या हातातल्या वायरींकडं बघत होते. हळूच म्हणाले, "पोरी, चालू हाय ना गं?"

"चालू आहे मामा."

पप्पांनी डोळे उघडले. "जरा कमी कर गं. काचा फुटतील."

मी पुढं गेले, बटण फिरवलं आणि आवाज कमी केला.